या, पण फोन करून या

घरात कुणाची केमो सुरू झाली की बहुतेक घरं एक गोष्ट ठरवून टाकतात आणि ती कुणी तोंडाने बोलतही नाही. आता कुणाला भेटायचं नाही. डॉक्टरांनी ‘इन्फेक्शनला जपा’ एवढंच सांगितलेलं असतं. घरचे त्याचा अर्थ लावतात की उपचार संपेपर्यंत दार बंद. मग भिशी सुटते, भजनी मंडळ सुटतं, संध्याकाळचा कट्टा सुटतो. नातवंडांना खोलीच्या उंबऱ्यावर थांबवलं जातं. शेजारच्या काकू जिन्यातच विचारपूस करून परत फिरतात. पेशंट काही बोलत नाही. आपल्यामुळे आधीच सगळ्यांची ओढाताण चालली आहे, त्यात आणखी काय मागायचं, असं त्याला वाटत असतं. केमो पुष्कळदा चार-सहा महिने चालते. इतके महिने भिंतीकडे बघत काढा, असं कुठलाही डॉक्टर सांगत नाही.

ज्यांची केमो चालू आहे त्यांना, आणि त्यांच्या माणसांनाही, माझी कळकळीची विनंती आहे. दिवस बघून जपा. माणसं तोडून जपू नका.

दिवस बघायचे ते असे. केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर चालतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, पण केसांची मुळं, तोंडातलं आणि आतड्यातलं अस्तर, हाडांच्या आत रक्त तयार करणाऱ्या पेशी, याही तशाच. म्हणून केस जातात, तोंड येतं आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. वॉर्डात सगळे ज्याला ‘काउंट खाली गेला’ म्हणतात तो हाच. पण काउंट रोज खाली नसतो. पुष्कळशा औषधांत डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान तो सगळ्यात खाली जातो आणि मग पुन्हा चढू लागतो. दर 21 दिवसांनी डोस असेल तर तिसरा आठवडा बहुधा सगळ्यात बरा जातो. आठवड्याची केमो असेल किंवा गोळ्यांची असेल तर हिशेब वेगळा. तेव्हा पुढच्या वेळी फाईल घेऊन आत जाल तेव्हा डॉक्टरांना एवढं विचाराच: माझा काउंट कुठल्या दिवसांत खाली असेल आणि मी माणसांत कधी जाऊ शकेन? उत्तर मिळालं की घरी येऊन कालनिर्णयवर खुणा करा. जपायचे दिवस लाल पेनाने, भेटायचे दिवस निळ्या. घरातल्या सगळ्यांना ते दिसू द्या.

आणखी एक गोष्ट नातेवाइकांना ठाऊक नसते आणि तिच्यावरून गैरसमज होतात. उलटी होऊ नये म्हणून डोसच्या आधी बहुतेकांना स्टिरॉइड देतात. त्यामुळे पहिला दिवस, कधी दुसराही, पेशंट तरतरीत असतो, बोलतो, रात्री त्याला झोप येत नाही. भेटायला आलेली मंडळी म्हणतात, अरे वा, काहीच झालेलं दिसत नाही! तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोच माणूस अंथरुणातून उठत नाही आणि मग घरात कुजबुज सुरू होते, की काल तर बरा होता, आज मनानेच खचला. मनाने खचलेला नसतो. स्टिरॉइडचा जोर ओसरलेला असतो. त्या दिवसांत फार बोलायला लावू नका. तेव्हा फोनवर ‘उत्तर देऊ नकोस, फक्त आठवण आली म्हणून’ असा एक निरोप पुरतो.

निळ्या दिवसांत काय करायचं हे आधी ठरवून ठेवा. नाही ठरवलं तर तो आठवडा राहिलेली बिलं भरण्यात आणि बँकेच्या कामांत निघून जातो. एका मैत्रिणीला घरी बोलवा. सकाळी ऊन तापायच्या आत बागेत किंवा सोसायटीच्या आवारात कुणाबरोबर तरी अर्धा तास चाला. हा वेळ फुकट जात नाही: केमोचा थकवा नुसत्या विश्रांतीने जात नाही, झेपेल तितक्या नियमित चालण्याने तो कमी होतो, हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. हिमोग्लोबिन फार उतरलेलं असेल किंवा पाय बधिर होत असतील तर डॉक्टरांना विचारून चाला. आणि एकट्याने चालू नका. चालायचं तर आहेच, मग बरोबर माणूस असलेला बरा. भिशी मोठी असेल तर महिन्यातून एकदा दोघीतिघींनीच तुमच्याकडे यावं. लग्नाला जायचं मन असेल तर कार्यालयात तासभर बसून, मास्क लावून, अक्षता टाकून परत या. पंगतीला थांबलंच पाहिजे असं नाही. लोकलच्या गर्दीतून मात्र जाऊ नका.

खाण्याचं थोडं कडक पाळा. घरात शिजवलेलं, गरम वाढलेलं चालतं. बाहेरची कोशिंबीर, चटणी, कापून ठेवलेली फळं, पाणीपुरी नको. तीर्थ आणि पंचामृत डोळ्यांना लावून बाजूला ठेवलं तर देव रागावणार नाही, आणि आजीला तसं आधीच सांगून ठेवलं तर तीही रागावणार नाही. पेशंटच्या तोंडाला कित्येकदा धातूची चव येते, फोडणीचा वास सहन होत नाही. तुमच्या हातची भाजी त्याने बाजूला सारली तर ती तुम्हाला सारलेली नाही.

आता स्पर्शाबद्दल. अजूनही काही घरांत केमो चालू असलेल्या माणसाचं ताट-वाटी वेगळं ठेवतात. कॅन्सर स्पर्शाने पसरत नाही, एका ताटात जेवल्याने पसरत नाही, जवळ झोपल्याने पसरत नाही. एवढंच खरं, की डोसनंतर साधारण दोन दिवस औषधाचा अंश लघवी, संडास आणि उलटीतून बाहेर पडतो. तेव्हा झाकण लावून दोनदा फ्लश करायचं, उलटीचे कपडे हातमोजे घालून वेगळे धुवायचे, आणि घरात कुणी गरोदर असेल तर हे काम तिला द्यायचं नाही. बाकी हात धरा, डोक्याला तेल लावून द्या, नातवंडाला शेजारी बसू द्या. त्या नातवंडाला सर्दी-ताप असेल किंवा वर्गात कांजण्या आल्या असतील तरच थांबवा. पेशंटच्या जवळ आलेल्या कुणाला कांजण्या निघाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

एक आकडा मात्र घरातल्या सगळ्यांच्या तोंडी असला पाहिजे. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला तर लगेच हॉस्पिटलला फोन करायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. न विचारता क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याने ताप दबतो आणि इन्फेक्शन आत वाढत राहतं. हे पाळणारं घर बाकीच्या गोष्टींत थोडं सैल सोडू शकतं.

आता भेटायला येणाऱ्यांशी बोलते. तुम्ही येत नाही याचं कारण प्रेम कमी आहे असं मी मानत नाही. काय बोलायचं ते सुचत नाही, म्हणून तुम्ही येत नाही. तर काही बोलायची तयारी करून येऊच नका. वीस मिनिटं बसा. रिपोर्ट मागू नका. तुमच्या ओळखीतल्या कुणाला काय झालं होतं आणि त्याचं पुढे काय झालं, हे सांगू नका. कुठली तरी पावडर, काढा, अमक्या गावच्या वैद्याची पुडी आणू नका. केमोच्या औषधांबरोबर ती लिव्हरला कधी जड जाईल सांगता येत नाही. ‘धीर धर, पॉझिटिव्ह राहा’ हे तर नकोच. ते ऐकून माणसाला रडायचीही चोरी होते. त्यापेक्षा ऑफिसात काय चाललंय, गावची जत्रा कधी आहे, वहिनींनी यंदा कुरडया केल्या का, हे बोला. आजारी माणसाला आपण अजून या जगाच्या व्यवहारात आहोत असं वाटायला हवं असतं. मदत करायची तर ‘काही लागलं तर सांग’ म्हणून निघू नका, कारण कुणी सांगत नाही. ‘मंगळवारच्या डोसला मी बरोबर येते, सूनबाईला घरी राहू दे’ असं म्हणा. डे-केअरच्या खुर्चीत सलाईन चढायला कित्येक तास जातात आणि दर वेळी तेच एक माणूस शेजारी बसलेलं असतं. त्या माणसालाही कुणी तरी सोडवायला हवं.

सगळ्यात जास्त एकटं पाडते ती लपवाछपवी. आपल्याकडे आजोबांना ‘गाठ आहे, सुया द्याव्या लागतील’ एवढंच सांगतात. आजोबा त्या वॉर्डात बसतात, शेजारच्या खुर्चीतल्यांशी बोलतात, त्यांचे केस गळतात. त्यांना कळलेलं असतं. मुलांना बरं वाटावं म्हणून तेही न कळल्यासारखं करतात. मग एकाच घरात चार माणसं एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत जेवतात आणि मनातलं बोलायला कुणालाच कुणी उरत नाही. माझं सांगणं एवढंच, की पेशंटला विचारा: तुम्हाला सगळं सांगू की थोडं? ज्याला नको असेल त्याच्यावर लादू नका. पण विचारल्याशिवाय ठरवू नका.

बायकांचं आणखी एक आहे. काही औषधांनी पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत केस जातात, आणि केस गेलेल्या बाईला हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, यावर घरं अडखळतात. बोलवा. ती विग घालून येईल, ओढणी बांधून येईल, तशीच येईल, ते तिचं तिला ठरवू द्या. फोटोत तिला कडेला उभी करू नका. उपचार संपल्यावर काही महिन्यांत केस बहुधा परत येतात.

परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये विदर्भ-मराठवाड्यातून, आणि देशभरातून, माणसं येतात. 1941 पासून येत आहेत. कुणी दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतरतं, कुणी नातेवाइकांकडे, कुणी भाड्याच्या खोलीत. यांचं गाव शेकडो किलोमीटर लांब असतं आणि गावाकडचे लोक, त्रास नको म्हणून, फोन करत नाहीत. त्यांना फोन करा. रोज एकाच ठरलेल्या वेळी केलेला पाच मिनिटांचा व्हिडीओ कॉल, त्यात गोठा, शाळेतून आलेली मुलं आणि सोयाबीनचा भाव, हे तिथे बसलेल्या माणसाला फार लागतं. तिथे असणाऱ्यांनीही शेजारच्या खाटेवरच्याशी ओळख करून घ्यावी. तोंड आलं तर काय खावं, हाताला मुंग्या येतात त्या कधी जातात, ही माहिती आधी त्यातून गेलेल्या माणसाइतकी सोपी करून दुसरं कुणी सांगत नाही.

गप्पा मारून गाठ विरघळत नाही, आणि तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण 2006 साली अमेरिकेतल्या परिचारिकांच्या एका मोठ्या अभ्यासातून असं पुढे आलं, की स्तनाच्या कॅन्सरच्या ज्या स्त्रिया एकट्या पडलेल्या होत्या त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण भोवती माणसं असलेल्यांपेक्षा बरंच जास्त होतं. याचं एक साधं कारण मला पटतं. ज्याच्याजवळ कुणी आहे त्याला तारखेला हॉस्पिटलला न्यायला कुणी आहे, ताप बघायला कुणी आहे, ‘आज दोन घास तरी खा’ म्हणायला कुणी आहे.

शेवटचा डोस झाला की पेढे वाटले जातात आणि फोन थांबतात. पण केमोचा थकवा त्यानंतरही महिनोन्‌महिने राहतो, शब्द आठवत नाहीत, पुढच्या स्कॅनची धाकधूक असते, आणि घरच्यांना वाटतं की आता सगळं झालं. त्या पेशंटला पुन्हा कट्ट्यावर न्यायला घरी जाऊन आणावं लागेल. पहिल्यांदा ‘नको’ म्हणेल. आठवड्याने पुन्हा जा.