उकाडा आणि मोटर न्यूरॉनचा आजारी



सुरतेकडचा मे महिना धडधाकट गड्यालाही सोसवत नाही. समुद्र जवळ, हवा दमट, घाम वाळत नाही. मग ज्याच्या स्नायूंची ताकदच ओसरत आहे, त्याचे काय होत असेल?

मोटर न्यूरॉनच्या आजारात मेंदू व मज्जारज्जूतील, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. हातपाय रोडावतात, मांसात फडफड होते, पुढे बोलणे, गिळणे व श्वास घेणे जड जाते. फ्रान्सचे डॉक्टर शार्को यांनी १८६९ साली त्याचे वर्णन केले. रिल्युझोल हे औषध १९९५ पासून वापरात आहे. ते आजाराची चाल थोडी मंदावते, आजार बरा करीत नाही.

उन्हाळ्यात असा आजारी एकदम गळून जातो. घरचे म्हणतात, "दुखणे वाढले." आमच्या मते येथे दोन गोष्टींची गल्लत होते. उकाड्याने या पेशी लवकर मरतात असे सिद्ध झालेले नाही. पण उष्म्याने थकवा येतो, झोप उडते, अंगातले पाणी कमी होते, लाळ घट्ट होते. शिवाय गिळताना ठसका लागतो म्हणून आजारी पाणी टाळतो. लघवीला न्यायला कोणाला तरी उठवावे लागेल, या संकोचानेही तो तहान मारतो. ही गळती बहुधा गारव्याने व विश्रांतीने भरून निघते.

यातूनच एक फसगत होते. पहिला पाऊस पडला, हवा उतरली, की आजाऱ्याला जरा हुशारी येते. श्रेय मात्र मे महिन्यात घेतलेल्या भगताच्या मुळीला मिळते. त्यापायी बैल विकू नका, जमीन गहाण टाकू नका.

करायचे ते साधे आहे. पत्र्याला चुन्याचा पांढरा हात द्या. खाट दुपारी पत्र्याखालून काढून झाडाच्या सावलीत किंवा ओटीवर आणा. मान, काखा, हातपाय ओल्या फडक्याने पुसून मग वारा घाला. बर्फाचे पाणी नको, थंडीने स्नायू ताठरतात. पाणी बसवून, घोट घोट द्या. ठसका लागत असेल तर ते किती दाट करावे हे डॉक्टरांना विचारा. अंघोळ व व्यायाम सकाळीच उरका.

मात्र सगळे उन्हावर ढकलू नका. एक दिवस गारव्यात ठेवूनही ताकद परतली नाही, ताप आला, आडवे होताच धाप लागली किंवा सकाळी डोके दुखू लागले, तर डॉक्टरांकडे न्या. अंग तापून माणूस बरळू लागला तर अंग ओले करीत तत्काळ दवाखाना गाठा.

२०१० च्या मे महिन्यातील उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा आखला. तसे आराखडे हवेतच. पण चौकातल्या पाणपोईपर्यंत हा आजारी पोहोचू शकत नाही. त्याच्यापर्यंत शेजाऱ्यानेच जायला हवे. भेटीला जायचे ते भर दुपारी गर्दी करून नव्हे, सकाळी सातला, एकेकट्याने जावे. घरच्या बाईला तासभर मोकळीक द्यावी, आणि आजाऱ्याला त्याने न मागता पाणी विचारावे. मागण्याचा संकोच त्याला पडू नये, एवढे तर आपल्याला साधेल.