चोरीचा पहारेकरी नको



शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले की मुलांचे पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानापासून शाळेपर्यंत फिरू लागतात. घरी येऊन लावावा तर फोल्डरच्या जागी नुसते शॉर्टकट! अब्बांचा उत्पन्नाचा दाखला, मुलीची गुणपत्रिका, काहीच उघडत नाही. घाबरून पेन ड्राइव्ह फॉरमॅट करू नका. बहुतेक वेळा फाइली गेलेल्या नसतात, व्हायरसने लपवलेल्या असतात. त्या शॉर्टकटवर क्लिक केले की तो आपल्या संगणकात शिरतो.

मग ओळखीचा एखादा मुलगा महागडे अँटिव्हायरस ‘क्रॅक’ करून फुकटात टाकून देतो. हे टाळा. क्रॅक चालवण्यासाठी आधी संगणकातले संरक्षण बंद करायला सांगतात. त्याच फाइलमध्ये व्हायरस असला तर चोराला दार आपणच उघडून दिले. शिवाय तो कुणाच्या तरी मेहनतीचा माल असतो. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी नव्वदच्या दशकात ‘क्विक हील’ उभे केले, ते रात्रंदिवस राबूनच. विकत घ्यायचे तर पावतीसह घ्यावे.

पैसे नसतील तर प्रामाणिक मार्गही आहे. ‘क्लॅमएव्ही’ हे अँटिव्हायरस 2002 पासून मोफत मिळते. पोलंडच्या टोमाश कोइम यांनी ते सुरू केले. आज सिस्को कंपनीची ‘टॅलोस’ ही शाखा ते सांभाळते. ते ‘ओपन सोर्स’ आहे. म्हणजे बिर्याणीबरोबर तिची कृतीही मिळते: कुणीही ती वाचावी, तपासावी, स्वतः शिजवावी. मूळ कोडपासून ते संगणकावर बांधताही येते. कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलांनी तो अनुभव जरूर घ्यावा. घरच्या वापराला मात्र तयार इन्स्टॉलर पुरे.

उबुंटू लिनक्सवर ते सर्वांत सोपे. एकदा बसवले की ‘फ्रेशक्लॅम’ हा त्याचा भाग व्हायरसांची नवी यादी इंटरनेटवरून आपोआप आणतो. विंडोजवर फ्रेशक्लॅमची सेटिंग फाइल आधी आपल्याला तयार करावी लागते. सोबत दिलेल्या नमुना फाइलची प्रत काढून तिच्यातली ‘एक्झाम्पल’ ही ओळ पुसायची. ती राहिली तर यादी येतच नाही, आणि जुन्या यादीवर तपासणी करणे म्हणजे गेल्या वर्षीच्या हजेरीपटावर हजेरी घेणे. मग ‘क्लॅमस्कॅन’ला पेन ड्राइव्ह तपासायला सांगावे. तो सापडलेल्या फाइलचे नाव दाखवतो, आपणहून पुसत नाही. कधी चांगल्या फाइलवरही संशय येतो, म्हणून हे बरेच.

आता मर्यादा. क्लॅमएव्हीला साधारण 3 जीबी रॅम लागते, त्यामुळे फार जुना संगणक अडखळेल. दुसरे म्हणजे, विंडोजवर ते दारात उभे राहत नाही, बोलावले की येऊन झडती घेते. म्हणून विंडोजचे स्वतःचे ‘डिफेंडर’ चालूच ठेवा. क्लॅमएव्ही ही दुसरी नजर समजा. विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. ज्या संगणकावर विंडोज 11 बसत नाही, त्यावर लिनक्स घालण्याचा विचार करावा.

आणि कोणतेही अँटिव्हायरस पूर्ण हमी देत नाही. दाखले, गुणपत्रिका, निकाहनामा, घराची कागदपत्रे यांची एक प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा. तो दुकानात नेऊ नका. दर रविवारी तपासणीचे काम घरातल्या आठवी-नववीच्या मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवा. दोन-तीन आठवड्यांत ती शेजाऱ्यांचेही पेन ड्राइव्ह तपासून देऊ लागतील.