दुखणे सांगायचे कोणत्या भाषेत?

सीमाभागात भाषेचा प्रश्न निघाला, की आपण जमिनीचे उतारे, ग्रामपंचायतीच्या नोटिसा, गावच्या पाट्या आणि शाळांमधील रिकाम्या जागा यांवर बोलतो. ते बोलायलाच हवे. पण दवाखान्याबद्दल आपण फारसे बोलत नाही. तिथे कोणी भाषेचा आग्रह धरत नाही. दुखणाईत माणूस भांडायला गेलेला नसतो. आमच्या मते भाषेची सर्वांत जास्त गरज तिथेच असते, आणि त्यातही मज्जासंस्थेच्या दुखण्यात.

हाड मोडले तर क्ष-किरणात दिसते, ताप पाऱ्यावर चढतो. पण पायाला मुंग्या येणे, बोट बधिर होणे, अंधारात तोल जाणे, हातातली वस्तू नकळत निसटणे, ‘पाय आपला वाटत नाही’ असे होणे, या गोष्टी फक्त रुग्णाला कळतात. त्याने त्या सांगितल्या तरच डॉक्टरांना कोणती तपासणी करायची ते ठरवता येते. कुठून सुरू झाले, एका अंगाला की दोन्ही, सकाळी जास्त की संध्याकाळी, हळूहळू वाढले की एका दिवसात, यावर निदानाची निम्मी वाट उभी असते. मोठमोठी यंत्रे त्यानंतर येतात, आणि चुकीच्या जागेचा फोटो काढला तर तीही काही सांगत नाहीत.

या संदर्भात धार आणि देवास या दोन गावांकडे पाहण्यासारखे आहे. बेळगावकरांना देवास परके नाही. सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाच्या आजारात कोरड्या हवेसाठी तिथे गेले आणि १९९२ मध्ये अखेरपर्यंत तिथेच राहिले. धार आणि देवास ही दोन्ही पवारांची मराठी संस्थाने. देवासच्या तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ साली धारच्या किल्ल्यातला. १९४८ मध्ये ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला, आणि कचेरीतील मराठी घरात आली. तिथल्या मराठी माणसाने हिंदी मनापासून स्वीकारली, नातवंडे हिंदीतच शिकली. आपल्यासारखा झगडा तिथे झाला नाही. म्हणूनच तिथला अनुभव आम्हाला बोलका वाटतो. भांडण नसतानाही भाषेची अडचण दवाखान्यात उरतेच.

देवासच्या एका मराठी कुटुंबाने आम्हाला सांगितलेली हकीकत अशी. घरातील आजींचे पाय महिनोन्‌महिने बधिर होत होते. शहरातील एका दवाखान्यात सोबतच्या नातवाने आजींचा शब्द जसाच्या तसा सांगितला आणि कागदावर ‘बधिरता’ असे लिहिले गेले. मराठीत बधिर म्हणजे संवेदना गेलेला. हिंदीत बधिर म्हणजे फक्त बहिरा, आणि कानडीतही तेच. आजींना थोडे कमी ऐकू येत होतेच, त्यामुळे कोणाला शंकाही आली नाही. कानाच्या तपासण्या झाल्या, यंत्र बसवले गेले, आणि पाय तसेच राहिले. पुढे आजी रात्री अंगणात पडल्या तेव्हा दुसऱ्या एका डॉक्टरांनी, ‘डोळे मिटून उभे राहिलात तर तोल जातो का?’ असा प्रश्न केला आणि रक्त तपासले. बी-१२ जीवनसत्त्व अगदी कमी होते. घर शाकाहारी, वय झालेले. यात नवल काही नव्हते. सुया सुरू झाल्या, हात सुधारले. पायांची संवेदना मात्र पुरती परतली नाही. ही कमतरता वेळेवर सापडली तर उपचार सोपा आहे; उशीर झाला तर मज्जारज्जूचे नुकसान कायमचे राहू शकते. हिंदीतला ‘सुन्न’ हा शब्द त्या घरात सगळ्यांना ठाऊक होता. पण दुखणे मनात मराठीतच होते.

आपल्याकडे याहून निराळे काय घडते? तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातील डॉक्टर कानडी. ते बहुधा सज्जन असतात, चार मराठी शब्दही शिकलेले असतात. ‘जोमु’ आणि ‘मरगट्टु’ हे दोन कानडी शब्द आपल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असते तर किती काम झाले असते! पहिला झिणझिण्यांचा, दुसरा संवेदना जाण्याचा, शब्दशः लाकूड होण्याचा. आणि डॉक्टरांना ‘मुंग्या’, ‘हात मेलाय’, ‘गरगरतंय’ हे शब्द ठाऊक असते तर आणखी बरे. ते नसल्यामुळे दोघे मिळून सोयीच्या शब्दावर येतात: ‘अशक्तपणा’. अशक्तपणाला सलाईन लावतात. दोन दिवस बरे वाटते.

धारची गोष्ट आणखी पुढची आहे. या जिल्ह्यात निम्म्याहून अधिक वस्ती आदिवासींची. धार आणि शेजारच्या झाबुआ भागात अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. खडकातील हे द्रव्य खोल बोअरच्या पाण्यात उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत ते चालते, दुसरी सोय नसेल तर दीडपर्यंत. त्यावर गेले की आधी मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात. वर्षानुवर्षे असे पाणी पोटात गेले की हाडे जाड होतात, सांध्यांचे बंध कठीण होतात, आणि काही जणांत मणक्याची पोकळी अरुंद होऊन मज्जारज्जूवर दाब येतो. मग मान वळत नाही, हातांना झिणझिण्या येतात, पाय जड होतात आणि शेवटी चालणे सुटते. हा आजार अज्ञात नाही. मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागात १९३७ मध्येच त्याची नोंद झाली होती. तरी अशा रुग्णाला संधिवात, वाताचा झटका, म्हातारपण अशी नावे मिळत जातात. चाळिशीतल्या माणसाला म्हातारपण! या आजारात निदानाकडे नेणारा प्रश्न एकच असतो: ‘बाबा, पाणी कुठल्या पंपाचं पिता? घरातल्या मुलांचे दात दाखवा.’ हा प्रश्न भिली किंवा भिलालीत विचारता येणारा माणूस दवाखान्यात हवा. हाडात बसलेले फ्लोराइड काढून टाकणारे औषध नाही, पाणी बदलणे हाच खरा इलाज आहे. म्हणून प्रश्न लवकर विचारला जाणे महत्त्वाचे.

मध्य प्रदेशाने ऑक्टोबर २०२२ मध्ये डॉक्टरकीचे शिक्षण हिंदीत सुरू केले. आम्ही शिक्षक म्हणून त्याचे स्वागतच करतो. पण पुस्तकी हिंदी ही देवासच्या माळवी बोलणाऱ्या शेतकऱ्याची भाषा नव्हे, आणि धारच्या भिलाची तर नव्हेच. मातृभाषेचा आग्रह राजधानीत थांबला की असे होते.

कोणी म्हणेल, हे दूरचे झाले. तर पुण्याचे घ्या. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता आणि आसपासच्या भागात गिया-बारे या आजाराचे रुग्ण एकदम वाढले. संशयित धरून आकडा दोनशेच्या वर गेला. पायांतून सुरू झालेली मुंगी आणि अशक्तता काही दिवसांत वर चढते, श्वासही अडकू शकतो. काही रुग्णांच्या नमुन्यांत दूषित पाण्या-अन्नातून येणारा जंतू सापडला. इथेही नेमका प्रश्न लागतो: ‘दोन-तीन आठवड्यांपूर्वी जुलाब झाले होते का?’ जुलाब थांबले म्हणजे ते संपले, असेच आपण समजतो. विचारल्याशिवाय कोण सांगेल? उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर गुण जास्त येतो. मण्यारीच्या दंशाचेही तसेच. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, अंगावर खूण दिसत नाही. रात्री जमिनीवर झोपला होतात का, एवढे विचारले तर जीव वाचू शकतो.

आमचे काही सहकारी म्हणतात, आधी सीमाप्रश्न सुटू दे, मग दवाखान्याचे पाहू. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. लढा सोडा असे आम्ही म्हणत नाही. पण बधिर झालेला पाय तारखांसाठी थांबत नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचे ठरवले. ठरलेल्या उपचारांसाठी तिचा उपयोग आहे. ज्या आजाराचे नावच सापडलेले नाही, त्याचा रुग्ण तिच्या दारापर्यंत पोहोचायचा कसा?

मागायला आधार आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी १९५६ साली केंद्राने जे निवेदन काढले, त्यात पंधरा ते वीस टक्के वस्ती असलेल्या भागात महत्त्वाच्या नोटिसा व नियम अल्पसंख्याकांच्या भाषेत देणे सोयीचे ठरेल असे म्हटले आहे. दवाखान्यातील प्रश्नावली त्यात बसवून घेता येईल. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी, मध्ये माणसाच्या शरीराचे चित्र; दुखऱ्या जागेवर बोट ठेवायचे आणि शेजारचा शब्द दाखवायचा. छपाईचा खर्च किरकोळ आहे. हीच प्रश्नावली जत, अक्कलकोट भागातील कानडी रुग्णांसाठी मिरज-सोलापूरच्या दवाखान्यांतही ठेवली पाहिजे. हे वाक्य आमच्याच काही मंडळींना रुचणार नाही, तरी ते लिहिणे भाग आहे.

तोवर घरच्यांनी एक करावे. शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वहीत लिहून घ्यावे: त्रास कधी सुरू झाला, कुठून कुठे गेला, कशाने वाढतो, घरात आणखी कोणाला आहे, पाणी कुठले. आजाराचे नाव लिहू नये. ‘वात’, ‘बीपी’, ‘गॅस’ हे शब्द पुढचे प्रश्न बंद करतात. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडचे शब्द आहेत तसे उतरवावेत आणि सोबत जाणाऱ्याने ते भाषांतर न करता आधी वाचून दाखवावेत, मग अर्थ सांगावा.

आमच्या समितीने अशा शब्दांची यादी करायला घेतली आहे. खानापूरकडे आकडीला काय म्हणतात, निपाणीकडे घेरीला काय म्हणतात, चंदगडी बोलीत मुंग्यांना कोणता शब्द आहे, हे आमच्यापैकी कोणा एकाला सगळे ठाऊक असणे शक्य नाही. वाचकांनी आपल्या गावचे शब्द, अर्थासह, पोस्टकार्डावर किंवा शाळेतील शिक्षकांमार्फत पाठवावेत. कानडी शब्द ठाऊक असेल तर तोही शेजारी लिहावा.