धाकट्यांसाठी आपांची पुस्तकं

4 कोरे कागद मधोमध दुमडून सुईदोऱ्याने शिवले की 16 पानांचं पुस्तक होतं. उन्हाळी सुट्टीत गोंदियाच्या आमच्या मोहल्ल्यातल्या सातवी-आठवीच्या मुलींनी पहिलीतल्या भावंडांसाठी अशी पुस्तकं केली. विषय निवडला सारस. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यतः आपल्याच जिल्ह्यात उरला आहे, तरी मुलींनी आधी काढला तो बगळाच! एकीचे अब्बा धान करतात. लाल डोकं, जवळजवळ माणसाएवढी उंची, बांधीतल्या घरट्यात एक नाहीतर दोनच अंडी, हे त्यांनी सांगितलं तेव्हा चित्र पुन्हा काढलं गेलं.

मजकुराचं काम याहून अवघड निघालं. 'सारस विहार करतो' इथे धाकटा अडलाच. घरात हिंदी-उर्दू, शाळेत मराठी. असं मूल वर्गात गप्प बसतं आणि आपण त्याला मठ्ठ समजतो. (आम्हीही समजलो आहोत.) आपाने वाक्य खोडून 'सारस चालतो' लिहिलं आणि चित्रातल्या म्हातारीला 'दादी' केलं. धाकट्याने दादीवर बोट ठेवलं, पान उलटलं. दुसऱ्या दिवशी तो तेच पुस्तक घरच्या दादीला वाचून दाखवत होता. दादींना मराठी वाचता येत नाही. चित्रं मात्र त्यांनी चष्मा लावून पाहिली.