माकड म्हणजे मारुती?

ऑक्टोबर 2007 मध्ये वानखेडेवर अँड्र्यू सायमंड्सला बघून काही प्रेक्षक माकडचेष्टा करत होते. फोटोही छापून आले. त्यावर आपल्याकडे एक भन्नाट युक्तिवाद निघाला: माकड म्हणजे आमचा मारुती, त्यात कसला आलाय अपमान? वा! मग मंडळी, हा मान त्या संघातल्या एकाच आफ्रो-कॅरिबियन वंशाच्या खेळाडूला का? गोऱ्या पाँटिंगला का नाही?

दुसरा लाडका सल्ला म्हणजे 'दुर्लक्ष करावं'. तो नेहमी ऐकून घेणाऱ्यालाच दिला जातो. ओरडणाऱ्याच्या शेजारी बसून खिदळणाऱ्याला कोणी काही सांगत नाही. खरं तर त्यानं नुसतं "ए, बस कर की" म्हटलं तरी पुष्कळ जण गप्प बसतात.

जानेवारी 2021 मध्ये सिडनीत हीच पाळी मोहम्मद सिराजवर आली. पहिल्या दिवशी त्यानं दुर्लक्षच केलं होतं, हे त्यानंच पुढे सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! मग कप्तान रहाणेनं (आपला डोंबिवलीचा बरं का) पंचांकडे तक्रार केली. खेळ थांबला, सहा जणांना स्टँडमधून बाहेर काढलं. ऑस्ट्रेलियाच्या मंडळानं नंतर वांशिक शिवीगाळ झाल्याचं मान्य केलं, पण ते सहा जण दोषी नव्हते असंही सांगितलं. म्हणजे नेमका माणूस दाखवणारा शेजारी तिथंही मिळाला नाही.

सिराजला त्यांनी काय म्हटलं होतं? काळं माकड. तेव्हा मात्र मारुती कोणालाच आठवला नाही.