पहारेकऱ्यास रजा देण्यापूर्वीं

आमच्या मूळ घरच्या गणपतीचा खर्च पांच बिऱ्हाडांत वांटून घेण्याची रीत आहे. तो हिशेब माझे वडील बंधू कै. अण्णा ठेवीत असत. एक्सेलच्या एका वहींत त्यांनीं अशी सोय करून ठेविली होती कीं, खर्चाच्या रकमा भरून एक बटण दाबतांच प्रत्येक बिऱ्हाडाचा वांटा व त्याचें पत्रक आपोआप तयार व्हावें. त्यांच्या मागें हें काम माझ्याकडे आलें. पुतण्यानें ती वही ई-मेलनें धाडली. मीं रकमा भरल्या, बटण दाबलें. पण कांहीं होईना. माथ्यावर तांबडी पट्टी मात्र उमटली होती.

चिरंजीव म्हणाले, “नाना, त्यांत काय आहे? सेटिंग्जमध्यें जाऊन सगळ्याच मॅक्रोंना परवानगी देऊन टाकूं.”

कचेरींतून नुकत्याच परतलेल्या सूनबाईंनीं हें ऐकलें. त्या हिशेबाचेंच काम करतात. त्या म्हणाल्या, “मामंजी, जरा थांबावें. याच संगणकावर आपले बँकेचे कागद आहेत. बटण कां चालत नाहीं हें कळल्यावांचून पहारेकऱ्यालाच रजा द्यावयाची का?”

वाचकांपैकीं पुष्कळांस हा प्रसंग आला असेल, म्हणून त्यांनीं सांगितलेलें येथें देतों.

मॅक्रो म्हणजे दस्तऐवजाच्या पोटांत लिहून ठेविलेली आज्ञावली. ती बेरजा करील, पत्रकें बनवील. पण त्याच हातांत फाइली पुसण्याची व टपाल धाडण्याचीहि शक्ति असते. ‘कन्सेप्ट’ नांवाचा विषाणु १९९५ सालीं वर्डच्या कागदांतून असाच पसरला. मार्च १९९९ मध्यें ‘मेलिसा’ आला. कागद उघडणाऱ्याच्या पत्त्यांच्या यादींतील पहिल्या ५० पत्त्यांवर तो आपली प्रत आपणच धाडी. आणि पत्र ओळखीच्या नांवानें आलेलें असल्यामुळें घेणाराहि तें निःशंकपणें उघडी. पुढें परवानगी विचारणारी पिवळी पट्टी आली खरी. पण न वाचतां ‘एनेबल कंटेंट’ दाबण्याची लोकांस संवय जडली. म्हणून मायक्रोसॉफ्टनें २०२२ पासून निराळी व्यवस्था केली. इंटरनेटवरून अथवा ई-मेलनें आलेल्या फाइलीवर विंडोजमध्यें एक अदृश्य शिक्का बसतो. तो आढळला, कीं ऑफिस त्या फाइलींतील मॅक्रो अडवून तांबडी पट्टी दाखवितें, आणि तीवर परवानगीचें बटणच नसतें.

तेव्हां मॅक्रो न चालल्यास चौकशी क्रमानें करावी. पहिलें, वही कोठें उघडली आहे? फोनवरील व ब्राउझरांतील एक्सेलांत हे मॅक्रो चालतच नाहींत. संगणकावर बसविलेलें एक्सेल हवें. दुसरें, फाइलीच्या नांवाचें शेंपूट पाहावें. २००७ च्या आवृत्तीपासून मॅक्रोची वही ‘एक्सएलएसएम’ व साधी वही ‘एक्सएलएसएक्स’ असे भेद झाले. कोणी ती साध्या प्रकारांत जतन केली असेल, तर मॅक्रो गळून गेलेले असतात. शेंपूट बदलून ते परत येत नाहींत; मूळ प्रतच मागवावी.

तिसरें, तांबडी पट्टी. येथें आधीं धाडणारास फोन करून, फाइल त्यानेंच धाडली ना, हें विचारावें. खात्री पटल्यावर वही बंद करून त्या फाइलीवर माउसचें उजवें बटण दाबावें व ‘प्रॉपर्टीज’ उघडावें. ‘जनरल’ पानाच्या तळाशीं ‘अनब्लॉक’ असा चौकोन असतो, त्यांत खूण करावी. पहारा त्या एका फाइलीपुरता उठतो. अशा वह्या पुष्कळ असल्यास ट्रस्ट सेंटरमध्यें एक वेगळें फोल्डर विश्वासाचें म्हणून नोंदवावें. मात्र जेथें आलेलें सर्व सांठतें तें डाउनलोडचें फोल्डर कदापि नोंदवूं नये. कचेरीच्या संगणकावर हे अधिकार बहुधा व्यवस्था पाहणाऱ्याकडे असतात. तेथें त्यासच विचारावें.

चौथें, पहारा ओलांडूनहि मॅक्रो अडखळला, तर दोष आज्ञावलींत शोधावा. ३२-बिट ऑफिससाठीं लिहिलेल्या कांहीं आज्ञा ६४-बिट ऑफिसांत सुधारून घ्याव्या लागतात. तर कधीं आज्ञावलींत अशा फोल्डराचा पत्ता असतो, जें या संगणकावर नाहींच.

आमचें दुखणें तिसरें आणि चौथें, असें दोन्ही निघालें. पुतण्यास फोन झाला, खूण केली, पट्टी गेली. आणि मग मॅक्रो अण्णांच्या संगणकावरील फोल्डर शोधीत थांबला. सूनबाईंनीं आल्ट व एफ ११ या कळा एकत्र दाबून आज्ञावली उघडली आणि मला ती ओळीनें समजावून सांगितली. पत्ता बदलला. पण एका ओळीवर त्या थबकल्या. एका बिऱ्हाडाचा निम्मा वांटा अण्णांनीं स्वतःच्या वांट्यांत मिळविला होता. त्या घरचा कर्ता नोकरीवांचून बसला होता, तें वर्ष मला आठवलें. इतकीं वर्षें आम्हीं सर्वांनीं पत्रकें घेतलीं. आंत काय लिहिलें आहे हें कोणीं पाहिलें नव्हतें.

अण्णांच्या मागें तो भार नकळत वहिनींवर पडत होता. मीं तो माझ्या वांट्यांत वळविला आणि मग बटण दाबलें.

दुसऱ्याची वही चालविणें म्हणजे त्यानें लिहिलेली आज्ञा आपल्या घरांत पाळणें होय. ती कोणाची आणि काय करणारी, हें विचारण्यास घटकाभर वेळ लागतो. तेवढा वेळ घ्यावा. पहारेकऱ्यास रजा देण्याची मग गरजच पडत नाहीं.