विचारणाऱ्याला काय सांगू?

(तृतीय वर्ष कला)

वसतिगृहात खोलीचा जोडीदार आपण निवडत नाही. यादीत आपल्या नावाखाली ज्याचे नाव पडेल तो आपला. माझ्या वाट्याला मिझोरामचा एक विद्यार्थी आला. स्वभावाने अबोल, गिटार बरी वाजवणारा, आणि मेसच्या आमटीबद्दल एका अक्षराने तक्रार न करणारा असा हा प्राणी आठवडाभरात माझा मित्र झाला. एका रात्री वीज गेली होती. अंधारात त्याने मला विचारले, "माझे खापरपणजोबा हे आमच्या घरातले पहिले ख्रिस्ती. तुमच्या घरातले पहिले हिंदू कोण?"

मी हसलो. पण तो थट्टा करत नव्हता. त्याच्या डोंगरात 1894 साली दोन इंग्रज मिशनरी आले, त्यांनी त्या भाषेला रोमन लिपी दिली, आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांत बहुतेक सारा समाज ख्रिस्ती झाला. त्यामुळे तिकडच्या पुष्कळ घरांत 'पहिला कोण' याचे उत्तर असते. नाव असते, कधी सालही असते. माझ्याकडे दोन्ही नव्हते. आमच्या घरात हिंदू 'झाले' असे कोणीच नाही. सगळे असेच होते. हे मी सांगितल्यावर तो म्हणाला, "मग तुम्हाला कळते कसे, तुम्ही हिंदू आहात ते?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर द्यायला मी तीन वर्षे तत्त्वज्ञान हा विषय घेतलेला विद्यार्थी असूनही मला त्या रात्री काही सुचले नाही. वक्तृत्व स्पर्धेत आपण सर्रास एक वाक्य टाकतो, 'हिंदू हा धर्म नसून ती एक जीवनपद्धती आहे'. टाळी हमखास मिळते. मीही ते टाकले. त्याने शांतपणे विचारले, "कोणती पद्धती? सकाळपासून सांग." सकाळपासून सांगायला लागलो तेव्हा दात घासण्यापलीकडे माझी गाडी जाईना.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात गेलो. तिथे जे सापडले ते गमतीचे आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात हिंदू कोण हे सांगताना बौद्ध, जैन, शीख यांनाही त्यात घेतले आहे, आणि पुढे म्हटले आहे की जो मुसलमान, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नाही त्यालाही हा कायदा लागू. म्हणजे गाळून उरेल तो! दुसरा आधार 1966 सालचा. सर्वोच्च न्यायालयाचे तेव्हाचे सरन्यायाधीश गजेंद्रगडकर, आमच्या साताऱ्याचे, यांनी एका निकालात या प्रश्नाचा पुष्कळ ऊहापोह केला आणि लोकमान्य टिळकांची व्याख्या आधाराला घेतली. वेदांविषयी प्रामाण्यबुद्धी, साधनांची अनेकता, आणि उपास्य दैवत अमुकच असावे असा नियम नसणे, ही त्यातली लक्षणे. वाचून मला बरे वाटले. सांगण्यासारखे काहीतरी हाती लागले असे वाटले. मग तो खटला मुळात कशाचा होता ते वाचले. अहमदाबादच्या स्वामिनारायण सत्संगींनी 1948 साली दावा लावला होता की आमचा संप्रदाय हिंदूंहून वेगळा आहे, म्हणून हरिजनांना मंदिरे खुली करणारा कायदा आमच्या मंदिरांना लागू नाही. अठरा वर्षांनी न्यायालयाने सांगितले, तुम्ही हिंदूच आहात, दार उघडा. आपल्या धर्माची ही नामांकित व्याख्या दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या निमित्ताने झाली, ही गोष्ट तेव्हा मी वाचली आणि पान उलटले. ती पुन्हा आठवावी लागली ते पुढे सांगतो.

व्याख्या राहू दे, असे मित्राला म्हणालो, तू आमच्या गावाला चल. पौषात आमच्या कुलदैवताची यात्रा असते. कऱ्हाड तालुक्यात तारळी नदीच्या काठी पाल म्हणून गाव आहे. तिथला खंडोबा आमचा. पौषात तिथे खंडोबा आणि म्हाळसा यांचे लग्न लागते. ज्या महिन्यात आमच्याकडे माणसांची लग्ने होत नाहीत नेमक्या त्या महिन्यात देवाचे कसे, हा त्याचा पहिला प्रश्न. मला माहीत नव्हते. आईला विचारले. आई म्हणाली, "देवाला कसला आलाय पौष!" हे उत्तर त्याने वहीत लिहून घेतले.

त्या दोन दिवसांत त्याने इतके प्रश्न विचारले की मी माझ्याच घरात पाहुणा झालो. आमची आजी माळकरी आहे. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला पंढरपूर, मांसाला स्पर्श नाही. त्याच घरात आम्ही बाकीचे सारे बुधवारी आणि रविवारी मटण खातो. आजीची चूल त्या दिवशी वेगळी. दोन्ही धर्म एकाच छपराखाली कसे, असे त्याने विचारले. चातुर्मासात आजी कांदा, लसूण, वांगे खात नाही; मग चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगा यांचा नैवेद्य दाखवला की वांगे सुरू होते. चार महिने वांग्याने काय पाप केले? माहीत नाही. पण भरीत त्याला फार आवडले. म्हाळसा ही लिंगायत वाण्याची लेक, आणि खंडोबाची दुसरी बायको बाणाई ही धनगराची, हे ऐकून मात्र तो उठूनच बसला. "म्हणजे तुमच्या देवाने जातीबाहेर लग्ने केली. तुमच्या गावात कोणी केले आहे?" मी गावातली घरे मनातल्या मनात मोजली. एक होते. ते दोघे गावात राहत नाहीत.

"तुझा पुनर्जन्मावर विश्वास आहे का?" हेही त्याने एस.टी.त विचारले होते. त्याचे उत्तर मी प्रामाणिकपणे दिले आणि ते इथेही देतो. माझा विश्वास नाही. पण चार वर्षांपूर्वी आजोबा गेले तेव्हा दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. ऊन चढत होते. लोक पांगायला लागले. कोणीतरी दर्भाचा कावळा करून लावून टाकू म्हणाले. चुलते पुढे झाले आणि मोठ्याने म्हणाले, "आबा, आक्काच्या पोरीचं मी बघतो. शिक्षण मी करतो. काळजी करू नका." आमच्या विधवा आत्याची ती मुलगी. थोड्या वेळाने कावळा आला. तो भुकेने आला हे मला तेव्हाही कळत होते. तरीही माझे पाय लटपटले आणि मी सुटकेचा श्वास सोडला. आणि चुलत्यांनी चारचौघांत दिलेला तो शब्द मोडला नाही. ती मुलगी आज नर्सिंगला आहे. याला विश्वास म्हणायचे की काय म्हणायचे ते प्राध्यापकांनी ठरवावे. मित्र खिडकीबाहेर पाहत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, आमच्याकडे देवाला 'पथियन' म्हणतात, आणि हा शब्द मिशनरी येण्याच्या आधीचा आहे. लोकांनी जुन्या देवाचे नाव नव्या देवाला ठेवून घेतले. त्याने कावळ्याला हसणे टाळले, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

इथपर्यंत सारे ठीक होते. आजीने त्याला पाहताच विचारले होते, "कंच्या जातीचा हाय रं त्यो?" मी म्हणालो, त्यांच्यात जात नसते, तो ख्रिस्ती आहे. "असंना का. लेकरू लांबनं आलंय," म्हणून तिने त्याच्या कपाळाला भंडारा लावला आणि स्वयंपाकघरात आमच्या पंगतीत पाटावर बसवले. तो घरी डुकराचे आणि गाईचे मांस खातो हे मी आजीला सांगितले नव्हते; पण सांगितले असते तरी पाट काढला नसता असे मला वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गोठ्यात उभे होतो. आमचे सालगडी तात्या धारा काढून हात धुऊन आले. गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा आहे. त्यातला पालथा घातलेला, निळ्या फुलांचा, टवका उडालेला कप त्यांनी काढला, विसळला आणि पुढे धरला. आईने वरून, हात उंच ठेवून, चहा ओतला. तात्यांनी तो पिऊन, कप धुऊन, पुन्हा पालथा घातला. मित्राने मला विचारले, "त्यांचा कप इथे का?"

मी म्हणालो, "गोठ्यात काम करणाऱ्यांना सोयीचे पडते म्हणून."

आता सांगायला हवे. आम्ही मराठा, तात्या मातंग. (जात लिहायचीच का, असे संपादक मंडळातल्या एका मित्राने हा मजकूर वाचून विचारले. हो, लिहायचीच.) तात्या आमच्याकडे माझ्या जन्माच्या आधीपासून आहेत. मला पोहायला त्यांनी शिकवले. तेही खंडोबाचेच भक्त, त्यांच्याही गळ्यात माळ, आजीच्या दिंडीतून दोन वेळा पंढरीला जाऊन आलेले. पंढरपुरात महाद्वारी नामदेवाच्या पायरीशी चोखोबाची समाधी आहे. चौदाव्या शतकातला हा महार संत. देवळात जायची त्याला बंदी होती. त्या समाधीवर आजी दर वर्षी डोके टेकवते. ते खोटे नसते, तिच्या डोळ्यांत पाणी येते. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात तिथेच उपोषण करावे लागले, हे मी तिला एकदा सांगितले तेव्हा ती म्हणाली, "चांगलं केलं माणसानं." आणि घरी तो कप.

अस्पृश्यता संविधानाने नष्ट केली हे आपण शाळेत शिकतो आणि परीक्षेत लिहितो. आमच्या घरात कोणी तात्यांना वाईट शब्द बोलत नाही. ते आजारी पडले तर वडील स्वतः गाडीवर घालून दवाखान्यात नेतात, गाडीवर त्यांना धरून बसतात. मग कप कुठून आला? कोणी ठेवला? घरात विचारले तर कोणालाच आठवत नाही. पहिला हिंदू कोण हे जसे आम्हाला माहीत नाही तसेच हे. ते असेच होते.

माझी तक्रार माझ्याबद्दल आहे. परधर्मीय, परप्रांतीय माणसाने विचारलेले सगळे अवघड प्रश्न मी हौसेने झेलले. वांगे, पौष, कावळा, दोन बायका, सारे काही. त्यात मला थोडा अभिमानही वाटत होता की पाहा आमच्याकडे किती रंग आहेत. एकच प्रश्न असा आला की ज्याचे उत्तर मला नेमके ठाऊक होते, आणि तिथेच मी खोटे बोललो. उपास्याचा नियम नाही, साधने अनेक, ही व्याख्या मला पाठ होती. पण आमच्या गोठ्यात पाळला जाणारा जो नियम आहे तो या व्याख्येत कुठे बसतो? 1930 साली नाशिकला काळाराम मंदिराच्या दाराशी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोकांनी हेच विचारले. पाच वर्षांनी येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले आणि 1956 साली नागपुरात बौद्ध धर्म स्वीकारला. माझ्या वर्गातले चार मित्र त्या वाटेने गेलेल्या घरांतले आहेत. त्यांना 'तुमच्या घरातले पहिले बौद्ध कोण' हे विचारले तर चटकन सांगता येते. सोडून जाणाऱ्याला तारीख असते. आम्ही राहिलेले तारखेवाचून राहतो, आणि कोणी विचारलेच तर 'जीवनपद्धती' म्हणतो.

आपल्यातले काही जण म्हणतील, घरातले धुणे चव्हाट्यावर कशाला? परक्यापुढे आपल्या धर्माचे चांगले तेवढे सांगावे. मला हे पटत नाही. एक तर तो परका नव्हता, माझ्या खोलीत राहतो. आणि दुसरे म्हणजे चांगले तेवढे सांगायचे तर प्रश्नांना उत्तरे कशाला द्यायची, पर्यटन खात्याची पुस्तिका हातात द्यावी. आजीने पाट दिला हेही खरे आणि तात्यांना दिला नाही हेही खरे. मी हिंदू म्हणजे कोण, हे सांगायचे तर दोन्ही सांगावे लागेल, त्याला इलाज नाही.

आठ दिवसांनी वसतिगृहात मी मित्राला कपाची खरी गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मला तेव्हाच कळले होते. तू काय सांगतोस ते पाहत होतो." त्यानंतर त्याने त्याच्या गावातल्या काही गोष्टी मला सांगितल्या, ज्या त्याने आधी सांगितल्या नव्हत्या. त्या त्याच्या आहेत; इथे लिहीत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा आईशी बोललो. भांडण झाले नाही. आई म्हणाली, "मला तरी कुठं आवडतं? सासूबाई ठेवत होत्या, मी ठेवला." आजी माळ ओढत बसली होती, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आईने निळ्या फुलांचा कप उचलून टाकला आणि घरातल्या कपांतल्या एकात तात्यांना चहा दिला, ओट्यावर बसा म्हणाली. तात्या बसले नाहीत. "वैनी, माझा कप कुठं हाय?" त्यांनी विचारले. आई म्हणाली, "फुटला." तात्यांनी माझ्याकडे पाहिले, उभ्यानेच चहा प्यायले, नळावर कप घासून धुतला, आणि गोठ्यात जाऊन त्याच कोनाड्यात पालथा घालून ठेवला.